नव्वद टक्के पाणी असलेला पदार्थ चिवट कसा होतो?

आपला प्रश्न दोन भागांचा आहे. ज्या हायड्रोजेलमध्ये, म्हणजे पाण्याने फुगलेल्या पॉलिमरच्या (लांब रेणुसाखळ्यांच्या) जाळ्यात, वजनाने नव्वद टक्के पाणी असते ते फाडण्यास रबराइतकेच अवघड असल्याचे शोधनिबंधांत वाचायला मिळते आणि त्यासाठी त्यांत मुद्दाम कमकुवत बंध घातले जातात असे सांगितले जाते. तर कमकुवत बंधांनी पदार्थ बळकट कसा होतो, हा पहिला भाग. आणि हे वीस वर्षांपूर्वीच साधले असेल तर सांध्यातील झिजलेल्या कूर्चेच्या जागी असे जेल सर्रास का बसवले जात नाही, हा दुसरा. माझ्या मते दोन्हींचे उत्तर एकाच जागी आहे. भेग पुढे सरकताना ऊर्जा नेमकी कुठे खर्च होते आणि ती खर्च करण्याची सोय दुसऱ्या वेळी, हजाराव्या वेळी शिल्लक असते का, एवढे पाहिले की या क्षेत्रातील बहुतेक दावे आपोआप आपापल्या जागी बसतात.

आधी तीन राशी वेगळ्या करून ठेवू, कारण त्यांची सरमिसळ झाली की पुढचे काहीच कळत नाही. पदार्थ थोडासा ताणण्यास किती बल लागते तो त्याचा ताठपणा. न चिरलेला नमुना किती ताणावर तुटतो ती त्याची ताकद. आणि आधीच असलेली भेग दर एकक क्षेत्रफळ पुढे ढकलण्यास जी ऊर्जा लागते ती भंगऊर्जा, म्हणजेच चिवटपणाचे माप. ही कल्पना ग्रिफिथ यांनी १९२१ मध्ये काचेच्या संदर्भात मांडली आणि रिव्हलिन व थॉमस यांनी १९५३ मध्ये ती रबराला लागू केली. आज जेलांच्या चाचण्या जवळजवळ त्याच पद्धतीने होतात. आकड्यांचा अंदाज असावा म्हणून सांगतो: साध्या पॉलिअॅक्रिलामाइड जेलची भंगऊर्जा दर चौरस मीटरला १० ते १०० ज्यूल, सांध्यातील कूर्चेची सुमारे १,००० ज्यूल आणि नैसर्गिक रबराची सुमारे १०,००० ज्यूल असते. विख्टर्ले आणि लिम यांनी १९६० मध्ये जैविक वापरासाठी जे जेल सुचवले, आणि ज्यातून पुढे मऊ कॉन्टॅक्ट लेन्स आली, त्याला चिवटपणाची फारशी गरज नव्हती. लेन्सवर भार पडत नाही. त्यामुळे जेल म्हणजे ठिसूळ पदार्थ हे समीकरण पुढची चार दशके कोणाला विशेष खटकले नाही.

साधे जेल ठिसूळ का असते, याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. कार्बन-कार्बन बंध तोडण्यास दर मोलमागे सुमारे ३५० किलोज्यूल लागतात. भेगेच्या प्रतलाला छेदून जाणाऱ्या प्रत्येक साखळीतील एकेक बंध तुटला असे धरले, तर पाणी अजिबात नसलेल्या पॉलिमरसाठीही दर चौरस मीटरला जेमतेम काही ज्यूल एवढेच उत्तर येते. जेलमध्ये बहुतेक जागा पाण्याने व्यापलेली असल्यामुळे ते एका ज्यूलच्याही खाली जाते. प्रत्यक्ष मोजमाप मात्र याच्या कितीतरी पट अधिक येते. हे कोडे लेक आणि थॉमस यांनी १९६७ मध्ये रबराच्या संदर्भात सोडवले. दोन क्रॉसलिंकांच्या, म्हणजे साखळ्यांना एकमेकींशी जोडणाऱ्या गाठींच्या, मधली साखळी ताणली जाते तेव्हा तिच्यातील शेकडो बंध एकाच बलाखाली असतात. त्यांपैकी एक तुटतो, पण तुटण्याच्या क्षणी बाकी सगळ्यांतही ऊर्जा साठलेली असते आणि साखळी सैल पडताच ती सारी उष्णतेच्या रूपाने निघून जाते. म्हणजे एका बंधाच्या तुटण्याची किंमत संपूर्ण साखळी मोजते. साखळी जितकी लांब तितकी ही किंमत मोठी.

पण याच हिशेबात एक अडचण दडलेली आहे. साखळीतील बंधांच्या संख्येला ‘न’ म्हटले, तर भंगऊर्जा साधारणतः ‘न’च्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते आणि ताठपणा मात्र ‘न’च्या व्यस्त प्रमाणात घटतो. क्रॉसलिंक वाढवले की जेल ताठ होते पण ठिसूळ होते. क्रॉसलिंक कमी केले की चिवट होते पण ढिले पडते. साध्या जाळ्याच्या जेलवर काम केलेल्या प्रत्येकाला ही ओढाताण परिचित आहे.

लेक-थॉमस सिद्धांत आज साठ वर्षांच्या घरात आला असला तरी तो जसाच्या तसा उभा नाही, आणि गेल्या काही वर्षांतील मला सर्वाधिक रस वाटलेले काम याच पायाभूत भागात झाले आहे. एकेका रेणूला ताणून केलेल्या मोजमापांवरून असे दिसले की साखळी तुटते त्या क्षणी तिच्यातील प्रत्येक बंधात साठलेली ऊर्जा बंध तोडण्याच्या पूर्ण ऊर्जेपेक्षा पुष्कळच कमी असते, कारण तुटणे हे उष्णतेच्या धक्क्यांच्या मदतीने बरेच आधी घडते. या दुरुस्तीने सिद्धांताचे भाकीत मोजमापाच्या खाली येते. उलट दिशेची दुरुस्ती २०२३ च्या सुमारास पुढे आली: एक साखळी तुटली की तिच्या शेजारचे, भेगेपासून अनेक थर दूर असलेले जाळेही थोडे सैल पडते आणि तिथली ऊर्जाही सुटते, म्हणून केवळ तुटलेल्या साखळीचा हिशेब धरणे अपुरे ठरते. दोन चुका एकमेकींना बऱ्याच अंशी झाकत होत्या आणि म्हणून जुने सूत्र इतकी वर्षे बरे चालले, असा माझा कयास आहे.

वर सांगितलेली ऊर्जा जाळ्याची मूळ भंगऊर्जा होय. रबर किंवा आजचे चिवट जेल याच्या शंभर पट चिवट असू शकते, ते या मूळ ऊर्जेमुळे नव्हे. भेगेच्या टोकाभोवतीच्या मोठ्या प्रदेशात पदार्थ ताणला जातो आणि भेग पुढे गेल्यावर तो पुन्हा सैल पडतो. या ताणण्या-सैल होण्याच्या फेऱ्यात जर ऊर्जा परत न मिळता नष्ट होत असेल, तर ती सारी भेगेच्या खात्यावर पडते. आलेखात ताणतानाची आणि सोडतानाची रेषा वेगवेगळी येते, मधले क्षेत्रफळ म्हणजे हिस्टेरिसिस. चिवट जेल म्हणजे थोडक्यात मोठे हिस्टेरिसिस आणि तरीही न तुटणारे जाळे यांची जोडी. कमकुवत बंधांचे काम इथे सुरू होते.

होक्काइडो विद्यापीठात जियान पिंग गोंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दुहेरी जाळ्याचे जेल प्रसिद्ध केले. पहिले जाळे विद्युतभारित पॉलिमरचे, दाट क्रॉसलिंक असलेले. पाण्यात ते प्रचंड फुगते आणि फुगताना त्याच्या साखळ्या जवळजवळ शेवटच्या मर्यादेपर्यंत ताणल्या जातात. एकटे घेतले तर ते बोटांत चुरगळेल इतके ठिसूळ असते. मग त्या फुगलेल्या जाळ्यात दुसरा मोनोमर (साखळीचा सुटा घटक रेणू) भिजवून तिथल्या तिथे पॉलिअॅक्रिलामाइडचे दुसरे जाळे तयार केले जाते. या दुसऱ्या जाळ्यात क्रॉसलिंक अत्यल्प असतात, साखळ्या लांब व सैल असतात आणि पहिल्या जाळ्याच्या तुलनेत मोनोमरचे प्रमाण वीस-तीस पट असते. ठिसूळ जाळे आणि ढिले जाळे एकत्र आल्यावर ९० टक्के पाणी असलेला असा पदार्थ मिळाला की तो दाबाखाली १७ मेगापास्कलपर्यंत टिकला. जेल ताणले की पहिले जाळे जागोजागी तुटू लागते, पण तुटलेल्या तुकड्यांना दुसरे जाळे धरून ठेवते. त्यामुळे एक मोठी भेग होण्याऐवजी विस्तृत प्रदेशात असंख्य लहान तुटी होतात. भेगेच्या टोकाभोवती असा इजा झालेला पट्टा शेकडो मायक्रोमीटर जाडीचा असू शकतो, तर साध्या जेलमध्ये एकेका साखळीची लांबी नॅनोमीटरांत मोजावी लागते. लांबीच्या प्रमाणातला हा फरक लक्षात घेतला की भंगऊर्जेतील शंभरपट वाढीचे आश्चर्य वाटत नाही.

पहिले जाळे खरोखरच असे विखरून तुटते, याचा डोळ्यांना दिसणारा पुरावा २०१४ मध्ये मिळाला. पॅरिसमधील क्रेतों आणि आइंदहोव्हनमधील सिजबेस्मा यांच्या गटांनी अनेक जाळी एकात एक गुंफलेल्या रबरात, म्हणजे पाणी नसलेल्या पण तत्त्वतः याच रचनेच्या पदार्थात, तुटताना प्रकाश देणारे क्रॉसलिंक वापरले. भेग पुढे सरकत असताना तिच्या टोकाभोवती उजेडाचा पट्टा कॅमेऱ्यात आला आणि आत गुंफलेली जाळी वाढवली तसा तो रुंदावत गेला. त्याच दिशेने पुढे गेलेल्या मोजमापांनी आणखी एक समज मोडला. अगदी साध्या, एकाच जाळ्याच्या रबरातही साखळ्या केवळ भेगेच्या प्रतलात तुटत नाहीत. बऱ्याच आतपर्यंत तुटतात आणि त्यांची संख्या ताणण्याच्या वेगावर व तापमानावर अवलंबून असते. चिकटपणामुळे (साखळ्यांच्या आपसातील घर्षणामुळे) होणारा ऊर्जाव्यय आणि बंध तुटणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत असे पाठ्यपुस्तकांत मांडले जाते. ती मांडणी आता सुधारायला हवी.

दुहेरी जाळ्याची एक उणीव उघड होती. पहिल्या जाळ्यातील बंध सहसंयुज असल्यामुळे एकदा तुटले की तुटले. म्हणून २०१२ मध्ये झिगांग सुओ, डेव्हिड मूनी आणि त्यांच्या हार्वर्डमधील सहकाऱ्यांनी पहिल्या जाळ्याच्या जागी तपकिरी समुद्री शेवाळापासून मिळणारे अल्जिनेट घेतले, ज्याच्या साखळ्या कॅल्शियम आयनांनी एकमेकींना धरून ठेवलेल्या असतात. आयनी बंध ताणाखाली सुटतात आणि, निदान तत्त्वतः, पुन्हा जुळतात. हे जेल मूळ लांबीच्या वीस पटीहून अधिक ताणले गेले, चीर दिलेला नमुनाही सतरा पटींपर्यंत टिकला, आणि भंगऊर्जा सुमारे ९,००० ज्यूल प्रति चौरस मीटर, म्हणजे रबराच्या जवळ पोहोचली. या निबंधाने पुढच्या दशकाचे काम ठरवून टाकले. प्रयोगशाळेत बनवायला हे जेल सोपे, त्याची रसायने स्वस्त. कदाचित म्हणूनच त्याच्या इतक्या उपप्रकारांची नोंद झाली की सगळ्यांची नावे ठेवणेही अवघड आहे.

याच जेलच्या आधारे २०१७ मध्ये मूनी यांच्या गटाने ओल्या ऊतींना चिकटणारा लेप दाखवला. त्यात पृष्ठभागाशी धनभारित पॉलिमर पूल बांधतो आणि मागचे जेल ऊर्जा खाते. म्हणजे चिकटणे हाही भंगऊर्जेचाच प्रश्न ठरला. जेल फक्त चिकटून उपयोग नसतो, चिकट थरामागच्या पदार्थाने ताण पसरवला पाहिजे, हा त्यातला धडा मला त्या लेपाहून अधिक मोलाचा वाटतो.

आता आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे वळतो. आयनी बंध पुन्हा जुळतात, पण किती वेगाने? त्या २०१२ च्या जेलला एकदा ताणून सोडल्यावर ८० अंश सेल्सिअसला दिवसभर ठेवले, तेव्हा ताणण्यास लागणाऱ्या कार्यापैकी सुमारे तीन चतुर्थांश भाग परत आला. चालताना गुडघ्यावर दर सेकंदाला एक भार पडतो. त्या दोन भारांच्या मध्ये हे जेल सावरणे शक्यच नाही. त्यामुळे काही शे आवर्तनांनंतर भेगेच्या टोकाजवळचे जवळजवळ सर्व आयनी बंध सुटलेले असतात, ऊर्जा खाण्याची सोय संपलेली असते, आणि भेगेसमोर उरते ते केवळ पॉलिअॅक्रिलामाइडचे मूळ जाळे. सुओ यांच्या गटाने २०१७ पासून चिवट जेलांच्या थकव्याची मोजमापे पद्धतशीरपणे सुरू केली, तेव्हा हेच दिसले. प्रत्येक आवर्तनात किती ऊर्जा भेगेला पुरवली जाते हे बदलत नेले, तर एका मर्यादेखाली भेग कितीही आवर्तनांनंतर सरकत नाही. या मर्यादेला थकव्याचा उंबरठा म्हणतात. एकदाच ताणून फाडताना हजारो ज्यूल दाखवणाऱ्या अल्जिनेट जेलचा उंबरठा केवळ काही दहा ज्यूल निघाला, म्हणजे जवळपास साध्या पॉलिअॅक्रिलामाइड जेलइतकाच. लेक आणि थॉमस यांनी मोजलेली मूळ भंगऊर्जा पुन्हा समोर उभी राहिली.

माझ्या दृष्टीने या क्षेत्रातील खरी विभागणी इथे होते. २०१७ पूर्वीचे बहुतेक काम ऊर्जाव्यय वाढवण्याचे होते. त्यानंतरचे उत्तम काम मूळ जाळ्याचा उंबरठा उंचावण्याचे आहे, आणि ते पूर्णतः वेगळे कौशल्य मागते. ते साधण्याचे तीन मार्ग मला सध्या गंभीरपणे घेण्यासारखे वाटतात.

त्यांपैकी पहिला गुंत्यांचा. सुओ यांच्याच गटाने २०२१ मध्ये अशी जेले दाखवली ज्यांत साखळ्यांचे आपसातील गुंते क्रॉसलिंकांपेक्षा कितीतरी पट अधिक असतात. कृती वाचली तर इतकी साधी वाटते की आधी कोणी का केली नाही असा प्रश्न पडावा: नेहमीच्या मानाने फारच कमी पाण्यात, म्हणजे मोनोमर अतिशय दाट असताना, अत्यल्प क्रॉसलिंकर व अत्यल्प आरंभक (विक्रिया सुरू करणारे रसायन) घालून पॉलिमरीकरण करायचे आणि मगच जेल पाण्यात फुगू द्यायचे. दाट अवस्थेत वाढलेल्या लांबलचक साखळ्या एकमेकींत इतक्या गुंततात की फुगल्यावरही त्या सुटू शकत नाहीत. लोकरीच्या गुंत्यातील एक धागा ओढला की ताण कितीतरी धाग्यांवर वाटला जातो, तसेच इथे होते. लहान ताणाखाली गुंते क्रॉसलिंकांसारखेच वागतात, म्हणून जेल ताठ राहते. साखळी तुटण्याची वेळ आली की ताण गुंत्यांवरून घसरत शेजारच्या अनेक साखळ्यांमध्ये आणि एकाच साखळीच्या मोठ्या लांबीवर पसरतो, म्हणून तुटताना सुटणारी ऊर्जा फार लांब साखळीची असते. साखळीच्या लांबीमुळे (‘न’मुळे) येणारी ओढाताण इथे ढिली पडते, कारण ताठपणा ठरवणारी लांबी आणि चिवटपणा ठरवणारी लांबी एकच राहत नाही. शिवाय हिस्टेरिसिस जवळजवळ नसतेच. त्यामुळे ऊर्जा खाण्याची सोय संपण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. या जेलांचा पृष्ठभागही कमी घर्षणाचा असल्याचे त्याच निबंधात दाखवले आहे, जे सांध्यासाठी दुय्यम नाही.

दुसरा मार्ग भेगेच्या वाटेत स्फटिक ठेवण्याचा. पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे द्रावण पुन्हा पुन्हा गोठवून वितळवले की त्यात काही नॅनोमीटर आकाराचे स्फटिकी भाग तयार होतात आणि तेच क्रॉसलिंकचे काम करतात. ही कृती अनेक दशके जुनी आहे. एमआयटीमधील शुआनहे झाओ यांच्या गटाने २०१९ मध्ये अशी जेले कोरडी करून तापवली, त्यांतील स्फटिकांचे प्रमाण वाढवले आणि थकव्याचा उंबरठा १,००० ज्यूल प्रति चौरस मीटरच्या आसपास नेला. भेगेला पुढे जायचे तर साखळ्यांना स्फटिकातून ओढून काढावे लागते किंवा स्फटिकच फोडावा लागतो, आणि त्याला एक साखळी तोडण्यापेक्षा कितीतरी अधिक ऊर्जा लागते. याची किंमत अशी की स्फटिक वाढले की पाणी घटते आणि जेल ताठ होत जाते. त्याच वर्षी याच गटाने जेल पाण्यात वारंवार ताणून त्यातील तंतू एका दिशेला वळवले आणि ८४ टक्के पाणी राखून १,२५० ज्यूलचा उंबरठा मिळवला. पण हा लाभ तंतूंना आडव्या जाणाऱ्या भेगेसाठी आहे, तंतूंच्या दिशेने जाणाऱ्या भेगेला तो अडवत नाही. स्नायू आणि कंडरा यांतही हेच घडते.

तिसरा मार्ग सरकत्या क्रॉसलिंकांचा आहे. टोक्यो विद्यापीठात ओकुमुरा आणि इतो यांनी २००१ मध्येच अशी जेले बनवली होती ज्यांत पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या साखळीवर सायक्लोडेक्स्ट्रिनची कडी ओवलेली असतात आणि क्रॉसलिंक साखळ्यांत नसून कड्यांमध्ये असतो. त्यामुळे साखळी कड्यातून सरकत ताण समान करते. वीस वर्षे हा एक देखणा पण काहीसा एकटा पडलेला विचार होता. कड्यांची संख्या पुरेशी कमी ठेवली तर साखळ्या मोकळेपणाने सरकून मोठ्या ताणाखाली समांतर होतात, त्यांचे स्फटिक बनतात आणि ताण सोडताच ते वितळून जातात, हे मायुमी, इतो आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दाखवले. नैसर्गिक रबराचा चिवटपणा ज्या ताणजन्य स्फटिकीभवनातून येतो तेच इथे पाण्याच्या सान्निध्यात मिळते, आणि काही तोडावे लागत नसल्यामुळे जेल पहिल्या आवर्तनानंतर जवळजवळ पूर्ण सावरते.

गोंग यांच्या गटाने मात्र तुटण्याचाच उपयोग करून घेतला. सहसंयुज बंध तुटताना साखळीच्या टोकांवर मुक्त मूलके (एकटा इलेक्ट्रॉन उरलेली, अतिशय क्रियाशील टोके) तयार होतात. दुहेरी जाळ्याचे जेल मोनोमरच्या द्रावणात ठेवून ताणले तर ती मूलके नवे पॉलिमरीकरण सुरू करतात आणि जेल प्रत्येक ताणण्याबरोबर बळकट होत जाते. २०१९ चे हे काम मला फार आवडते, पण त्याला बाहेरून सतत मोनोमरचा पुरवठा हवा. शरीरात अॅक्रिलामाइडसारखा विषारी मोनोमर पुरवण्याचा विचार कोणी करणार नाही, त्यामुळे सध्या ते तत्त्वाचे प्रात्यक्षिक आहे, कृत्रिम कूर्चेचा मार्ग नव्हे.

कमकुवत बंधांबद्दलचे आपले मूळ कुतूहल मात्र अजून पूर्ण शमलेले नाही, कारण आतापर्यंत सांगितलेल्या जेलांत कमकुवत जाळे वेगळे होते आणि बळकट जाळे वेगळे. एकाच जाळ्यात बळकट क्रॉसलिंक काढून कमकुवत क्रॉसलिंक घातले तर काय होईल? सहज बुद्धीला वाटते की पदार्थ लवकर फाटेल. ड्यूक विद्यापीठातील स्टीफन क्रेग आणि एमआयटीमधील जेरेमिया जॉन्सन यांच्या गटांनी २०२३ मध्ये अॅक्रिलेट रबरात नेमके हे केले: क्रॉसलिंकमध्ये असा सायक्लोब्युटेन गट (चार कार्बनांचे कडे) बसवला जो ताणाखाली मुख्य साखळीपेक्षा खूप आधी उघडतो. ताठपणा बदलला नाही, पण फाडण्यास लागणारी ऊर्जा नऊ पटींपर्यंत वाढली. त्यांचे स्पष्टीकरण असे की भेगेला नेहमी सोपी वाट हवी असते. क्रॉसलिंक कमकुवत असले की ती मुख्य साखळ्या न तोडता क्रॉसलिंकांवरून वाट काढते. पण क्रॉसलिंक सुटला तरी दोन्ही बाजूंच्या लांब मुख्य साखळ्या शाबूत राहतात आणि भार पुढे वाहतात, त्यामुळे भेगेला तेवढेच अंतर जाण्यासाठी पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक क्रॉसलिंक तोडावे लागतात. प्रत्येक तुटीची किंमत कमी, पण तुटींची संख्या खूप जास्त.

इथे एक अट आहे आणि ती बहुतेक बातम्यांतून सुटली. याच प्रकारचा कमकुवत बंध क्रॉसलिंकमध्ये न ठेवता भार वाहणाऱ्या साखळीच्या मध्येच ठेवला, म्हणजे टोकाला टोक जोडून केलेल्या जाळ्यात वापरला, तर पदार्थ अधिक सहज फाटतो; क्रेग यांच्याच आधीच्या कामात हे दिसले होते. तेव्हा कमकुवत बंध चिवटपणा देतात हे विधान अर्धवट आहे. बंध तुटल्यावर भार वाहायला मागे काही उरते का, यावर सारे अवलंबून असते. दुहेरी जाळ्यात ते काम दुसरे जाळे करते, अल्जिनेट जेलमध्ये पॉलिअॅक्रिलामाइड करते, इथे मुख्य साखळी करते.

आपण स्वतः निबंध वाचणार असाल तर मापनाविषयी काही गोष्टी सांगणे आवश्यक वाटते, कारण या क्षेत्रातील गोंधळाचा मोठा भाग तिथे आहे. न चिरलेला नमुना वीस किंवा तीस पट ताणल्याचे छायाचित्र चिवटपणाबद्दल फारसे सांगत नाही. त्यात नमुन्याच्या कडा किती स्वच्छ कापल्या होत्या याचा वाटा मोठा असतो. मी सर्वप्रथम चीर दिलेल्या नमुन्याचा आकडा शोधतो. तोही पाहताना चिरेची लांबी पाहावी लागते. भंगऊर्जेला न चिरलेल्या नमुन्याच्या तुटण्यापर्यंतच्या, दर एकक घनफळाच्या कार्याने भागले की एक लांबी मिळते. काचेसारख्या ठिसूळ पदार्थांत ती नॅनोमीटरच्या घरात असते, तर चिवट जेलांत मिलिमीटर किंवा त्याहूनही अधिक. चीर या लांबीपेक्षा लहान असेल तर नमुना चिरेकडे दुर्लक्ष करतो आणि मिळालेला आकडा भंगऊर्जा म्हणून वापरता येत नाही. मिलिमीटरभर चिरेवरून अचाट आकडे काढलेले निबंध मी तपासणीसाठी आले की परत पाठवतो.

दुसरी बाब फुगण्याची. कितीतरी चाचण्या जेल जसे साच्यातून निघाले तसेच घेऊन केलेल्या असतात. ते पाण्यात संतुलनापर्यंत फुगू दिले की दर एकक क्षेत्रफळातील साखळ्या विरळ होतात, आधीच ताणल्या जातात आणि चिवटपणा घसरतो. अल्जिनेट असेल तर आणखी एक धोका असतो: शरीरातील द्रवाइतक्या मिठाच्या पाण्यात सोडियम आयन हळूहळू कॅल्शियमची जागा घेतात आणि ज्या बंधांसाठी एवढा खटाटोप केला तेच विरघळतात. त्याउलट, चाचणी चालू असताना नमुना वाळत असेल तर तो पाणी गमावून खोटा बळकट दिसतो. तासन्‌तास चालणाऱ्या थकव्याच्या चाचण्या म्हणूनच पाण्यात किंवा दमट कक्षात घ्याव्या लागतात.

कूर्चेच्या बाबतीत आवर्तनांची संख्या हीच मोठी अडचण आहे. कृत्रिम सांध्यांच्या झिजेच्या चाचण्यांत साधारण दहा लाख आवर्तने म्हणजे एका वर्षाचा वापर धरण्याची प्रथा आहे. सेकंदाला एक आवर्तन या गतीने दहा लाख आवर्तनांना सुमारे साडेअकरा दिवस अखंड यंत्र चालवावे लागते, आणि दहा वर्षांच्या वापराला जवळपास चार महिने. जेलांवरील बहुतेक प्रकाशित चाचण्या काही हजार ते काही दहा हजार आवर्तनांवर थांबतात. गती वाढवून वेळ वाचवणेही सरळ नाही, कारण आयनी किंवा हायड्रोजन बंधांचे सावरणे वेळेवर अवलंबून असते आणि पाणी जेलमधून आत-बाहेर होण्याचा वेगही ठरलेला असतो. दहा पट वेगाने चालवलेले जेल हे वेगळ्या परिस्थितीतले जेल असते. म्हणून उंबरठा काढण्याची पद्धत अशी की अनेक वेगवेगळ्या ऊर्जांवर दर आवर्तनामागे भेग किती सरकते ते मोजायचे आणि ती रेषा शून्य वाढीपर्यंत मागे न्यायची. आपल्या हाती एखाद्या नव्या जेलचा निबंध आला तर हा आलेख त्यात आहे का, असल्यास नमुना संतुलनापर्यंत फुगवलेला होता का, आणि मोजमाप शरीराच्या तापमानाला मिठाच्या पाण्यात झाले का, हे पाहावे. तीनही अटी पाळणारे निबंध अजूनही थोडेच आहेत, आणि त्यांत मला गुंत्यांची व स्फटिकांची जेले आयनी बंधांच्या जेलांपेक्षा बरीच पुढे दिसतात.